ओसरीवरून : कमरेचें पातें

यंदाच्या श्रावणांत आमच्या घरीं एक लहानसा वाद उत्पन्न झाला. असे वाद वाचकांच्या घरींही होतच असतील, म्हणून त्याची हकीकत येथें देण्यास संकोच वाटत नाहीं. माझे धाकटे बंधू बापू आणि मी, आम्ही दोघेही आपापल्या परिवारासह कुंभारीस एकाच घरांत राहतों. बापूंचा नातू यंदा महाविद्यालयांत गेला. तेथील गिर्यारोहण करणाऱ्या मुलांच्या मंडळांत तो दाखल झाला, आणि दिवाळीच्या सुटींत हरिश्चंद्रगडावर जाण्याचा बेत ठरला. बरोबर न्यावयाच्या वस्तूंच्या यादींत एक चाकू होता. चिरंजिवांनीं तो सोलापुरांतून विकत आणला. चाकू घडीचा नव्हता. मूठ व पातें एकसंध, दोन्ही मिळून सुमारें वीतभर लांब. त्याचें कापडी घर पट्ट्यांत ओवून, तें कमरेस लावून, स्वारी रविवारीं सकाळीं ओसरीवर येऊन उभी राहिली.

झालें! सौभाग्यवतींनीं हातांतील परडी खालीं ठेवली आणि विचारलें, "भल्या घरच्या मुलानें कमरेला सुरी लावून हिंडावें, ही कसली तऱ्हा?" सूनबाईंस पोलिसांची धास्ती वाटली. मुलाच्या वडिलांचें म्हणणें असें कीं, आतां पुष्कळजण असा चाकू नेतात, त्यांत वावगें तें काय? मुलगा माझ्याकडे वळून म्हणाला, "अण्णा आजोबा, मावळे नव्हते का कमरेला हत्यार लावीत? तुम्हींच सांगा." सर्वांनीं आपापलें मत दिलें, बापू मात्र बोलले नाहींत. ते उजव्या हाताचीं शेवटचीं दोन बोटें डाव्या हातानें चोळीत बसले होते. तीं बोटें लहानपणापासून मिटत नाहींत. त्यांचा खरा इतिहास घरांत आम्हां दोघांवांचून कोणासच ठाऊक नव्हता.

प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे, पण कमरेस पातें बाळगण्याची रीत मनुष्यास फार प्राचीन काळापासून शोधावी लागली आहे. आल्प्स पर्वतांत, ऑस्ट्रिया व इटली यांच्या सरहद्दीवर, १९९१ सालीं बर्फांतून एका पुरुषाचें शव बाहेर आलें. तो मनुष्य सुमारें ५,३०० वर्षांपूर्वींचा ठरला. त्याच्याजवळ गारगोटीच्या जातीच्या दगडाचें पातें असलेली एक लहान सुरी सांपडली. तिची मूठ लांकडाची. परंतु विशेष हें कीं, त्या सुरीस झाडाच्या अंतर्सालीच्या तंतूंचें विणलेलें एक म्यान होतें, आणि तें पट्ट्यास बांधतां यावें म्हणून त्यास चामड्याचा एक फांसही होता. ज्या काळीं लोखंड ठाऊक नव्हतें, त्या काळच्या मनुष्यासही पात्यापासून स्वतःस जपलें पाहिजे हें ठाऊक होतें. पात्याइतकेच श्रम त्यानें म्यानावर खर्च केले.

आपल्या भाषेंतील शब्दही हीच साक्ष देतात. अमरकोशांत सुरीस छुरिका, शस्त्री, असिपुत्री आणि असिधेनुका अशीं नांवें आहेत. असिपुत्री म्हणजे तलवारीची लेक! ही लेक नेहमीं जवळ असावयाची, म्हणून तिला घर हवें. त्या घरास संस्कृतांत कोश म्हणतात. मराठींत रूढ झालेला 'म्यान' हा शब्द फारसींतून आला. फारसींत 'मियान' म्हणजे मध्य, कंबर, आणि हत्याराचा कोशही. कंबर आणि म्यान यांस एकच शब्द असावा, यांत मला मोठें औचित्य वाटतें. 'पेशकब्ज' हें एका सुरीचें नांवही तसेंच अर्थपूर्ण आहे. पेश म्हणजे पुढें, कब्ज म्हणजे पकड. जिची मूठ शरीराच्या पुढच्या बाजूस हाताशीं येते ती पेशकब्ज. हत्यार कोठें लावावें, हें त्याच्या नांवांतच सांगून ठेविलें आहे.

आतां आमच्या आजोळची गोष्ट सांगतों. आमचें आजोळ रत्नागिरी जिल्ह्यांत. सोलापुराकडच्या उघड्या माळावर वाढलेल्या आम्हां मुलांस तेथील सर्वच गोष्टींचें अप्रूप वाटे, पण मला सर्वांत अधिक कौतुक होतें तें मामांच्या कमरेच्या आंकडीचें. ज्यांनीं ती पाहिली नसेल त्यांच्याकरितां सांगतों. आंकडी म्हणजे लांकडाचा एक जाड, आटोपशीर तुकडा. तो आंतल्या अंगानें किंचित् खोलगट, म्हणजे पाठीस नीट बसेल असा घडविलेला असतो. त्यास वरून खालीं आरपार एक चीर असते, आणि दोन्ही टोंकांस दोरी ओवून ती कमरेभोंवतीं बांधतात. कोयत्याचें पातें त्या चिरेंतून खालीं सोडावयाचें. मूठ वर अडकून राहते. कोयता पाठीमागें लोंबत असतो, आणि मनुष्याचे दोन्ही हात मोकळे राहतात. कोंकणांत, ठाणें-रायगडाकडील आदिवासी वस्त्यांत, कुणब्यांच्या व आगऱ्यांच्या घरांत, तसेंच आगर राखणाऱ्या ब्राह्मणांच्या घरींही ही आंकडी दिसे. मामा सकाळीं पूजा आटोपून आगरांत निघाले, कीं धोतरावर आंकडी बांधीत आणि कोयता मागें न पाहतां अचूक चिरेंत सोडीत. तो खट् असा आवाज अद्याप माझ्या कानांत आहे.

मी अकरा वर्षांचा, बापू आठ वर्षांचे. मे महिना. दुपारीं मामा वामकुक्षी करीत होते; आंकडी खुंटीवर आणि कोयता कोनाड्यांत होता. आंकडी माझ्या कमरेस फार मोठी होई, म्हणून मीं नुसता कोयताच उचलला, चड्डीच्या नाडींत पाठीमागें खोंचला आणि ऐटीनें आगराकडे निघालों. बापू माझ्या मागून येत होते. पोफळींच्या पाटाशीं दगड शेवाळलेले होते. माझा पाय घसरला. नाडींतून कोयता निसटूं लागला. आणि मला सांवरावयास धांवलेल्या त्या आठ वर्षांच्या मुलानें हातीं लागलें तें घट्ट धरलें. त्याच्या हातीं पातें लागलें होतें.

मीं कोयता पाटांत धुतला, घरीं नेऊन होता तेथें ठेवला, आणि मग बापूंस घेऊन आईपुढें उभा राहिलों. कोणी कांहीं विचारण्यापूर्वींच बापू रडत रडत म्हणाले, "विळीवर हात पडला." मला मार बसूं नये म्हणून तो मुलगा खोटें बोलला, आणि मीं तें बोलूं दिलें. डॉक्टरांनीं टांके घातले, जखम भरली, पण बोटें मिटविणाऱ्या शिरा तुटल्या होत्या, त्या पुन्हा जुळल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मामांनीं मला हांक मारली. त्यांनीं माझ्या मापाची एक लहान आंकडी रात्रींतून घडविली होती. ती स्वतः माझ्या कमरेस बांधून ते एवढेंच म्हणाले, "आधीं ही रिकामी वागव. कोयत्याचें मग पाहूं." मी सुटी संपेपर्यंत ती रिकामी आंकडी बांधून हिंडलों. बसतांना ती भिंतीस लागे, वांकतांना वर सरके, पडलों तर पाठींत रुते. आपल्या मागें काय आहे आणि आपल्या मागें कोण आहे, याचें भान त्या लांकडाच्या तुकड्यानें मला दिलें. तें एक दिवस अगोदर मिळतें, तर किती बरें झालें असतें!

या अनुभवानंतर मला एक खोड लागली. कोणी हत्यार बाळगलेलें दिसलें, चित्रांत असो वा प्रत्यक्षांत, कीं तें त्यानें तेथेंच कां लावलें असेल याचा मी विचार करूं लागतों. त्यावरून मला असें दिसून आलें आहे कीं, ही जागा शोभेनें ठरत नाहीं, कामानें ठरते.

पाठीमागें हत्यार लावतो तो चढणारा आणि वांकणारा मनुष्य. माडावर चढणाऱ्या भंडाऱ्याची छाती व पोट खोडास घासतें, मांड्या खोडास आवळलेल्या असतात. मग उरते ती पाठ. कुर्ग प्रांतांतील कोडव लोकांचा रुंद, बाकदार कोयता, त्यास ते ओडि-कत्ती म्हणतात, तोही पाठीमागेंच, तोडंग नांवाच्या पितळी आंकड्यांत अडकविलेला असतो. आमच्या आंकडीची ही पितळेंतली सख्खी बहीणच म्हणावयाची! त्यांच्या लग्नांत याच कोयत्यानें केळीचे खांब एका घावांत तोडण्याचा विधि असतो. गुरख्यांची खुकुरी म्यानासह पट्ट्यास असते. त्या म्यानांतच कर्द व चकमक अशीं दोन लहान अवजारें असतात, एक बारीकसारीक कापण्यास व दुसरें धार लावण्यास. मात्र पाठीमागच्या जागेंत एक मोठा दोष आहे. मनुष्य उताणा पडला तर ती कठीण वस्तु थेट कण्यावर आदळते. शिवाय पाठीमागचें पातें आपणांस दिसत नाहीं. मागून येणाऱ्या मुलास मात्र तें लागतें. हें मीं कसें शिकलों तें वर सांगितलेंच आहे.

पुढें हत्यार लावीत तो योद्धा आणि दरबारी पुरुष. जुन्या चित्रांत शेल्यांत तिरपी खोंचलेली कट्यार आपण पाहतों. कट्यारीची मूठ इतर सुऱ्यांसारखी नसते. दोन समांतर दांड्यांच्या मधल्या आडव्या पकडीवर मूठ आवळावयाची असते, त्यामुळें ती पुढून चटकन् हातीं येते. घोड्यावर बसतांना, बैठकीवर मांडी घालतांना, गर्दींतून चालतांना हत्यार आपल्या नजरेखालीं राहतें, हा पुढच्या जागेचा लाभ. कोडवांची पीचे-कत्ती नांवाची लहान नक्षीदार सुरीही अशीच समोर, चेले नांवाच्या रेशमी कंबरपट्ट्यांत असते. अर्थात् तेच लोक कामाचें हत्यार मागें आणि मानाचें हत्यार पुढें लावतात! परंतु पुढची जागा तिरपी खोंचल्यावांचून धोक्याची आहे. वांकल्यावर टोंक जांघेकडे वळतें, आणि मांडीच्या आंतल्या बाजूनें मोठी रक्तवाहिनी जाते. तेथें झालेली जखम कांहीं मिनिटांत प्राण घेऊं शकते.

तिसरी जागा बाजूची. शिकारी, लांकूडतोडे, कोळी आणि पायीं चालणारे प्रवासी यांस ती सोयीची. फिनलंड देशांत पुक्को नांवाची सुरी घरोघरीं असते. तिचें चामडी म्यान इतकें खोल करतात कीं निम्मी मूठही आंत जाते. चामड्याची पकडच तिला धरून ठेविते. तें म्यान पट्ट्यास घट्ट बसविलेलें नसतें. एका फांसानें लोंबत असतें, म्हणून मनुष्य खालीं बसला तरी तें बाजूस सरतें व मूठ बरगडींत टोंचत नाहीं. बाजूस लावावयाचें तर नेमकें कुल्ह्याच्या सांध्यावर लावूं नये; किंचित् मागें लावावें, म्हणजे चढणीवर मांडी उचलतांना अडथळा होत नाहीं. कांहींजण लहान सुरी पट्ट्यालगत आडवी लावतात. दिसण्यांत ती सुटसुटीत दिसते. परंतु उभ्या म्यानांत पात्याचें वजनच त्यास जागीं ठेवीत असतें, आडव्या म्यानांत तो आधार नसतो. तेथें मुठीवर बंद असलाच पाहिजे.

चौथी रीत खांद्याची. शीख बांधव किरपाण 'गातरा' नांवाच्या पट्ट्यानें खांद्यावरून तिरपी घेतात. नांदेडच्या गुरुद्वारांत जे गेले असतील त्यांनीं हें पाहिलें असेल. तेथें पातें हें अवजारही नाहीं आणि धाकही नाहीं. तें व्रत आहे. आपल्या राज्यघटनेच्या २५ व्या कलमाच्या स्पष्टीकरणांत किरपाण बाळगणें हें शीख धर्माचरणाचा भाग म्हणून मान्य केलेलें आहे.

आमच्या चिरंजिवांनीं मावळ्यांचा दाखला दिला होता. प्रतापगडाखालीं १० नोव्हेंबर १६५९ रोजीं काय घडलें तें प्रत्येक मराठी मुलास पाठ असतें. परंतु तेथें हत्यार झांकलेलें होतें, आणि तें राज्यावरच्या संकटाच्या प्रसंगीं. जो मुलगा डोंगरावर काकडी चिरण्यासाठीं व दोरी कापण्यासाठीं चाकू नेतो, त्यास झांकण्यासारखें कांहीं नाहीं, आणि मिरविण्यासारखेंही कांहीं नाहीं. हरिश्चंद्रगडाचा प्रदेश तर अभयारण्यांत येतो. तेथें झाडाची फांदी तोडण्यासही मनाई आहे. जपानांतील सामुराई दुसऱ्याच्या घरीं बसतांना आपली तलवार काढून उजव्या बाजूस ठेवीत. उजव्या हातानें उपसावयाची तलवार उजवीकडेच ठेवली म्हणजे ती चटकन् उपसतां येत नाहीं; यजमानावर आपला विश्वास आहे, हें त्यानें सुचविलें जाई. हत्यार बाळगण्याच्या रीतींत शेजारच्या मनुष्याचा विचार असतो तो असा.

सूनबाईंच्या शंकेचेंही उत्तर दिलें पाहिजे. शस्त्र कायदा १९५९ सालचा आहे. त्याखालील नियमांप्रमाणें ज्या सुरीचें पातें ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असेल ती शस्त्रांत गणली जाते. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय अथवा कारखान्याच्या कामासाठीं बनविलेलीं अवजारें त्यांतून वगळलेलीं आहेत. आमच्या मुलाच्या चाकूचें पातें साडेचार इंचांचें. परंतु एवढ्यावर निर्धास्त राहूं नये. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ च्या ३७ व्या कलमाप्रमाणें सण, यात्रा किंवा तंटे यांच्या प्रसंगीं हत्यारें बाळगण्यास मनाई करणारा हुकूम काढतां येतो. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेंत कमरेस चाकू लावून जाण्याचें कारणच काय? प्रवासांत तो पिशवीच्या तळाशीं म्यानासह गुंडाळून ठेवावा, आणि डोंगराच्या पायथ्याशीं पोंचल्यावर कमरेस लावावा. विमानांत तर तो हातच्या सामानांत नेतांच येत नाहीं.

आतां म्यानाविषयीं. चिरंजिवांच्या चाकूबरोबर आलेलें कापडी घर मीं हातांत घेऊन पाहिलें. पातें दोन-तीनदा आंतबाहेर करतांच टोंक कापडांतून बाहेर डोकावलें. असें म्यान नसलेलें बरें, कारण तें असल्याचा खोटा भरंवसा वाटतो. चांगल्या चामडी म्यानाची परीक्षा सोपी आहे. धारेच्या बाजूच्या शिवणींत, दोन्ही चामड्यांच्या मध्यें, आणखी एक चामड्याची पट्टी घातलेली असावी. ती नसेल तर प्रत्येक वेळीं धार दोऱ्यावर चालते व शिवण उसवते. मूठ थोडी आंत जावी, किंवा तिच्यावर बंद असावा. म्यान उलटें धरून हालविलें तरी चाकू पडतां कामा नये. टोंकाशीं लहानसें भोंक असावें, म्हणजे आंत शिरलेलें पाणी निघून जातें. चामडें बाभळीच्या सालीनें अगर हिरड्यानें कमावलेलें उत्तम. आणि काम नसेल तेव्हां चाकू कोरडा करून, तेलाचा हात फिरवून, म्यानाबाहेर सुरक्षित जागीं ठेवावा. चामडें ओलावा धरतें, आणि दमट चामड्यांत पोलाद गंजतें. चाकू काढतांना डाव्या हातानें म्यानाभोंवतीं मूठ आवळूं नये. शिवण उसवलेली असेल तर धार थेट बोटांवर येते. म्यान बाजूंनीं चिमटींत धरावें, आणि पात्याची बोथट पाठ म्यानास टेकवीत चाकू ओढावा. काम संपतांच, गप्पांस बसण्यापूर्वीं, तो म्यानांत परत जावा.

हें लिहीत असतां एक दृश्य डोळ्यांपुढून हालत नाहीं. आमच्या सोलापूर जिल्ह्यांत दसरा-दिवाळी झाली, कीं ऊसतोड मजुरांच्या गाड्या येऊं लागतात. त्यांच्या हिशेबांत नवरा-बायकोच्या जोडीस 'एक कोयता' म्हणतात. मनुष्याचें नांव जाऊन त्याच्या पात्याचेंच नांव राहिलें! परंतु त्या कोयत्यास म्यान मीं क्वचित् पाहिलें आहे. पहाटेच्या अंधारांत गाडी निघते. सामानाच्या गांठोड्यांत, कडब्याच्या पेंढींत किंवा पोत्याखालीं उघडे कोयते, आणि त्यांच्यावरच झोंपलेलीं मुलें. माझ्या शाळेंत अशा बिऱ्हाडांतील मुलें महिना-दोन महिने येऊन बसत. त्यांतील एका मुलीच्या पोटरीवर लांब व्रण होता. मीं विचारलें तेव्हां ती म्हणाली, "गाडींत कोयता व्हता, गुरुजी." त्यांत तिला कांहींच विशेष वाटत नव्हतें.

या कामास महागडें चामडें नको. मोटारीच्या जुन्या रबरी नळीचा हातभर तुकडा उभा चिरून धारेवर चढवावा व दोरीनें बांधावा; नाहीं तर गोणपाटाची दुहेरी पट्टी शिवावी. शाळेंत असतां दोन हिवाळे मीं मुलांकडून असे तुकडे करवून घेऊन गाड्यांवर वांटले. प्रथम मजूर हंसले. मग एका बाईनें दोन जास्त मागून घेतले. वाचकांपैकीं ज्यांचीं शेतें आहेत, ज्यांच्या बांधावर या गाड्या उभ्या राहतात, त्यांनीं यंदा एवढें करावें. घरांतील जुनी नळी आणि सुटीच्या दिवशींचा एक तास, याहून अधिक खर्च नाहीं.

आतां घरच्या वादाचा शेवट सांगतों. त्या रविवारीं सर्वांचें बोलून झाल्यावर मुलगा बापूंपुढें जाऊन उभा राहिला. बापूंनीं चाकू मागून घेतला, धार अंगठ्यानें आडवी चांचपून पाहिली, आणि तो कपाटांत ठेवून किल्ली जानव्यास बांधली. मग म्हणाले, "गांवांतल्या चांभारांकडे जाऊन चांगलें म्यान शिवून घे. मीही येतों. नवरात्र येईपर्यंत तें रिकामें वागव. चाकूचें मग पाहूं."

मामांचे शब्द मीं साठाच्या आसपास वर्षांनीं पुन्हा ऐकले. माझ्यानें राहवलें नाहीं. त्याच ओसरीवर, सौभाग्यवती, सूनबाई, पुतण्या आणि मुलें यांच्यादेखत, मीं त्या दुपारची सर्व हकीकत सांगितली. विळी नव्हती, कोयता होता, आणि तो माझ्या नाडींत होता, हें सांगितलें. कोणी कांहीं बोललें नाहीं. बापूच किंचित् रागावून म्हणाले, "अण्णा, आतां तें कशाला काढलेंत?" थोड्या वेळानें पुढें म्हणाले, "मामांस त्याच दिवशीं कळलें होतें. मीं सांगितलें नव्हतें. कोनाड्यांतल्या कोयत्याची मूठ ओली होती."

ही गोष्ट मला ठाऊक नव्हती.

मुलानें सात आठवडे रिकामें म्यान वागविलें. पहिल्या आठवड्यांत तें दाराच्या चौकटीस दोनदा अडकलें आणि एकदा झोंपाळ्यावर बसतांना त्याच्याच मांडींत रुतलें. तेव्हां त्यानें तें कुल्ह्याच्या थोडें मागें सरकविलें, आणि फांस सैल करून घेतला. कोणी सांगावें लागलें नाहीं. खंडेनवमीस आमच्या घरीं विळी, आडकित्ता, कातर, खुरपें, कोयती यांची पूजा होते. यंदा त्या पाटावर म्यानासह तो चाकूही मांडला होता. सौभाग्यवतींनीं त्यास हळदकुंकू वाहिलें. पूजा झाल्यावर बापूंनीं तो उचलून मुलाच्या हातीं दिला. मुलानें तो म्यानांत सोडला, आणि मुठीवरचा बंद लावला. मग त्यानें एकदा मागें वळून पाहिलें. मागें त्याची धाकटी बहीण उभी होती.

दिवाळीनंतर तो गडावर जाईल. आमच्या वाचकांनींही या महिन्यांत आपल्या स्वयंपाकघरांतील, कोठींतील व गोठ्यांतील उघडीं पातीं एकदा मोजावींत, आणि ज्यास घर नाहीं त्यास घर करून द्यावें, एवढी विनंती.